रिंगखालची जागा

दोन वर्षं झाली, मी सरांशी बोलत नाही. अमरावतीतल्या एकाच मैदानावर आम्ही रोज सकाळी असतो. ते पूर्वेच्या कोर्टवर, मी पश्चिमेच्या. मधे पाण्याची टाकी आहे. बाटली भरायला दोघं एकाच वेळी गेलो तर ते नळ सोडून बाजूला उभे राहतात आणि मी भरून निघून येते. जुने खेळाडू मला समजावतात की ज्यांनी तुला सातवीपासून बास्केटबॉल शिकवला त्या माणसाशी एका निवडीवरून एवढं धरून बसू नये. मी धरून बसले आहे.

त्या वर्षी अमरावती आणि अकोल्यात मिळून मुलींची एक लीग सुरू झाली. पाच संघ. काही स्थानिक मुली प्रत्येक संघाला आधीच मिळाल्या होत्या, बाकीच्या खेळाडूंची निवड ड्राफ्ट पद्धतीने होणार होती, म्हणजे चिठ्ठ्या टाकून संघांचा क्रम ठरणार आणि मग प्रत्येकानं आपल्या पाळीला एकेक खेळाडू मागायचा. एकानं मागितली की ती पोरगी दुसऱ्याला मिळत नाही. आमच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक सर होते आणि त्यांची सहायक मी. दिवसभर शाळेत पीटी शिकवायची, संध्याकाळी हे.

खेळाडू पाहायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा अकोल्यात मला पातूरची एक पोरगी दिसली. घरची फुलशेती, शेवंती आणि झेंडू. वडील पहाटे फुलं घेऊन अकोल्याच्या बाजारात यायचे, त्यांच्याच गाडीत बसून ही यायची, दोन तास कोर्टवर एकटी खेळायची आणि तिथूनच कॉलेजला जायची. उंची जेमतेम सव्वापाच फूट. पण सामन्यात चेंडू हातात आला की समोरच्या पोरी एक पाऊल मागे सरकायच्या. पास कुठे जाणार हे तिच्या डोळ्यांवरून कधीच कळायचं नाही. पंचवीस वर्षं मी या खेळात आहे, असे हात मी विदर्भात दुसरे पाहिले नाहीत.

अडचण एकच होती. चेंडू पुढे आणणाऱ्या दोन चांगल्या मुली आमच्याकडे आधीच होत्या. रिंगखाली उभी राहून उडालेला चेंडू ओढून घेणारी, मधली जागा सांभाळणारी उंच खेळाडू मात्र एकही नव्हती. सर महिनाभर तेच म्हणत होते आणि त्यांचं चूक नव्हतं. बास्केटबॉलमध्ये मधे कोणी नसेल तर बाकीच्या चौघी कितीही पळोत, दमून जातात.

ड्राफ्टच्या दिवशी आम्ही बसनं अकोल्याला निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत मी सरांशी भांडत होते. म्हटलं, मधली जागा दोघी-तिघींकडून भरून घेऊ, बचावाची पद्धत बदलू, पण अशी पोरगी परत हाती लागणार नाही. शेवटी सर म्हणाले, "बरं. राहिली तर पयली तीच घेऊ."

मूर्तिजापूरला बस चहासाठी थांबली. मी खाली उतरले आणि तिला फोन लावला. लावायला नको होता. पण मला इतका आनंद झाला होता की राहवलं नाही. तिला सांगितलं, "तू आमच्याकडेच येऊन राहिली. घरी सांगून ठेव."

अकोल्यात एका कॉलेजच्या सभागृहात कार्यक्रम होता. आमचे संघमालक तिथे आधीच येऊन बसले होते. टाइल्सचं मोठं दुकान, बोलणं गोड, बास्केटबॉल त्यांनी त्याच वर्षी पहिल्यांदा पाहिलेला. चिठ्ठीत आमचा क्रमांक दुसरा आला. पहिल्या संघानं राज्याकडून खेळलेली एक अनुभवी मुलगी घेतली, ते सगळ्यांना माहीतच होतं. मग आमची पाळी. निर्णयाला दोन मिनिटं.

मालक सरांच्या कानाशी झुकले. पण त्यांना हळू बोलता येत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "आपल्याले मधात कोणीच नाही ना सर? मंग ते चांदूर रेल्वेची घ्या ना, सहा फुटाची. बॅनरवर उभी केली तरी दिसते."

सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग माइक ओढला आणि चांदूर रेल्वेच्या मुलीचं नाव घेतलं.

ही मुलगी मागच्या रांगेत बसली होती. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत ती उंच उडीत होती. कुणीतरी तिची उंची पाहून हातात चेंडू दिला, तेवढाच तिचा बास्केटबॉल. नाव पुकारलं तेव्हा ती इतकी दचकली की शेजारणीनं तिला कोपर मारून उठवलं. उभी राहिली तीही खांदे पाडून, वाकून, सहा फुटांतली चार बोटं कमी दिसावीत म्हणून. उंच मुलींची ही सवय मला ओळखीची आहे.

पातूरची पोरगी पुढेच बसली होती, वडिलांच्या शेजारी. वडील बाजारातूनच आले होते, त्यांच्या बाहीला झेंडूचा पिवळा रंग लागलेला. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या कागदांकडे पाहायला लागले. तिसरी पाळी अकोल्याच्या संघाची. त्यांच्याकडे चेंडू आणणाऱ्या तीन जणी आधीच होत्या. त्यांनी दोन मिनिटं वापरलीसुद्धा नाहीत, तिचं नाव घेतलं.

मी बोलले का नाही, याचा राग मला आजही सरांवरच्या रागाइतकाच येतो. टेबलाशी माझी खुर्ची होती, मला माइक मागता आला असता. पण चारचौघांत सरांच्या विरोधात तोंड उघडायची मला सवयच नव्हती. तेराव्या वर्षी मी पाच फूट नऊ इंच होते. सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे हात पाहिले नाहीत, दाराच्या चौकटीशी माझं डोकं कुठवर जातं ते पाहिलं. मला चेंडू घेऊन पळायला आवडायचं. मी पळायला लागले की सर ओरडायचे, "रिंगखाली जा." मी नऊ वर्षं रिंगकडे पाठ करून उभी राहिले, दुसऱ्यांच्या कोपरांचे मार खाल्ले आणि यालाच खेळ म्हणतात असं समजत राहिले.

सराव सुरू झाला. चांदूर रेल्वेच्या मुलीला सरांनी एकच गोष्ट शिकवली, रिंगखाली उभं राहायचं आणि हात वर ठेवायचे. चेंडू कसा धरायचा, पाय कसा फिरवायचा, हे शिकवायला वेळ नाही म्हणाले. बावीस दिवसांवर सामने आले होते. मी म्हटलं, मी शिकवते. तर म्हणाले, तिच्या डोक्यात गोंधळ घालू नको. संघाची गरज आहे म्हणून तिला घेतलं ना? मग ती गरज भागवण्याइतकं तरी तिला द्यायला हवं होतं. यांनी खेळाडू घेतलीच नव्हती. यांनी उंची घेतली होती.

अकोल्याच्या संघाशी सामना झाला तेव्हा व्हायचं तेच झालं. पातूरची पोरगी आमच्या उंच मुलीच्या वर केलेल्या हातांखालून तीनदा आत शिरली आणि तीनही वेळा बास्केट करून आली. तिसऱ्या वेळी प्रेक्षकांत हशा पिकला. सरांनी टाइमआउट घेतला. मुली घाम पुसत गोल उभ्या राहिल्या आणि सर सगळ्यांदेखत त्या मुलीवर तुटून पडले. म्हणाले, "देवानं एवढी उंची तुले कशाले देल्ली? कपडे वाळू घालाले?"

तिनं गुडघे वाकवून उंची आणखी कमी केली.

मी सरांच्या आणि तिच्या मधे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "सर, तिले तुमी मागतलं. तिनं तुमाले मागतलं नव्हतं."

सर म्हणाले, "तू बस खाली."

"नाही बसत," मी म्हटलं. "तुमाले मधात काय पायजे होतं? खांब? मंग खांब गाडाचा होता."

पंचाची शिट्टी झाली. मुली कोर्टवर गेल्या. मी गळ्यातली शिट्टी काढून बाकावर ठेवली आणि बाहेर पडले. सामना आम्ही हरलो, मोठ्या फरकानं. लीगमध्ये शेवटून दुसरे आलो. हंगाम संपल्यावर मालकांनी त्या मुलीला सोडून दिलं आणि फोटो मात्र दुकानाबाहेरच्या बॅनरवर तसाच ठेवला.

महिन्याभरानं मी पातूरला गेले. ती आईसोबत वावरात शेवंती तोडत होती. आईनं मला बाजेवर बसवलं, चहा केला. मी पोरीला सगळं सांगितलं, बसमध्ये काय ठरलं, टेबलावर काय झालं. वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ द्या ताई. ती अकोल्याच्या संघाकडून चमकली होती, राज्याच्या शिबिराला तिला बोलावणं आलं होतं. रागवायचं तिला कारण नव्हतं, असं मी धरून चालले होते.

ती टोपलीतली फुलं सारखी करत म्हणाली, "घेतलं नाही त्याचं काही नाही ताई. पण तुमी फोन काहून केला? बाबानं तेवढ्यात बाजारात साऱ्याइले पेढे वाटले होते. अजून लोकं इचारतात त्याइले, अमरावतीचं काय झालं म्हणून."

मी चहा संपवला आणि उठले. तिनं मला फाट्यापर्यंत सोडलं.

चांदूर रेल्वेची मुलगी आता दर रविवारी सकाळच्या गाडीनं अमरावतीला माझ्याकडे येते. मी तिला बोलावलं नव्हतं, तीच फोन करून आली. पहिल्या दिवशी विचारलं, काय शिकायचं आहे? म्हणाली, "बॉल घेऊन पळाचं." रिंगखाली मी तिला अजून एकदाही उभं केलेलं नाही. चेंडू अजून तिच्या पायावर आदळतो, पळता पळता सुटतो, घरंगळत टाकीपर्यंत जातो आणि ती लांब ढांगा टाकत तो आणायला जाते. परवा चेंडू सरांच्या कोर्टवर गेला. सरांनी तो उचलला आणि तिच्याकडे फेकला. ती थँक्यू सर म्हणाली. मी म्हणाले नाही.