होडीतला पंप नेमाने चालतो

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाने होडी कशाला घ्यावी, हे गल्लीतल्या प्रत्येकाचं एकदा तरी विचारून झालं होतं. मिनिटकाका नुसते हसायचे. आयुष्यभर ते डोळ्याला भिंग लावून दुकानातल्या त्याच खुर्चीत बसले. "शनिवारी या" असं ते गिऱ्हाइकाला कधी म्हणाले नाहीत. "शनिवारी चार वाजून वीस मिनिटांनी या" म्हणायचे, आणि त्या मिनिटाला घड्याळ तयार असायचं. नाव तिथूनच पडलं. अशा माणसाला साठीच्या तोंडावर उघड्या पाण्याची ओढ लागली, तर लागली. हौसेला मोल नसतं.

होडी जुनी, लाकडी, चार माणसांची. मागे छोटी मोटर. शहराबाहेरच्या तलावात पहिल्यांदा मोटर बंद करून ते नुसते तरंगत राहिले, तेव्हा त्यांना चक्क रडू आलं होतं. गिऱ्हाईक नाही, भिंग नाही, घाई नाही. त्या एका सकाळच्या जोरावर पुढची चार वर्षं त्यांनी हे विकतचं दुखणं आनंदाने पोसलं. गुडघे कामातून गेले, नखांतला रंग जाईना, आणि सगळे रविवार तिकडेच गेले.

रविवारी काकू घरी एकट्याच असायच्या. त्यांचं एक काम ठरलेलं होतं. घरात भिंतीवरची सात घड्याळं, सगळी आठवड्याला चावी मागणारी. लग्न झाल्यापासून ती चावी काकू देत. स्वयंपाकघराच्या दाराजवळ खिळ्याला पितळी चावी टांगलेली असायची. काकांनी घड्याळं जुळवायची, काकूंनी ती चालती ठेवायची, असा पस्तीस वर्षांचा संसार. होडीत मात्र त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांना पोहता येत नव्हतं. "मला जमीन पुरते," म्हणायच्या. काकांना ते मनाला लागायचं. आयुष्यात जे सगळ्यात सुंदर पाहिलं, तेच हिला दाखवायचं राहून चाललं होतं.

लाकडी होडी थोडीफार पाझरतेच. तळाच्या फळ्यांखाली पाणी साठलं की एक छोटा पंप आपोआप सुरू होई, घर्र करून पाणी बाहेर फेकी आणि पुन्हा गप्प बसे. पहिल्याच वर्षी काकांनी सवयीने मनगटाकडे पाहिलं. दर अकरा मिनिटांनी. न चुकता अकरा! काका खूश झाले. जे नेमाने चालतं ते ठणठणीत, हा त्यांचा धंद्यातला नियम. पुढे अकराचे नऊ झाले, मग सात. पण नऊ म्हणजे नऊच आणि सात म्हणजे सातच. पुढे धावणाऱ्या घड्याळाची नोंद ठेवावी तसे ते खिशातल्या वहीत शिसपेन्सिलीने आकडे लिहून ठेवत.

"काका, होडी पाण्याबाहेर काढा," धक्क्यावरचा सुतार एकदा म्हणाला. "तळाची फळी कुजलीय. दोन महिने तरी लागतील."

"अरे, पंप नेमाने चालतोय की."

"म्हणजे पाणी नेमाने आत येतंय."

काका हसले. दुसऱ्या कुणाच्या होडीबद्दल सुतार असं बोलला असता, तर ह्यांनीच मान डोलावली असती. पण आपला तो बाब्या.

नाही म्हणता म्हणता शेवटी होडी बाहेर काढायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात काकू ताट वाढता वाढता म्हणाल्या, "ह्या रविवारी मी येते. साठ पूर्ण होतायत मला. एकदा बघू तरी माझी सवत दिसते कशी."

काकांच्या हातातला घास हातातच राहिला. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात आलं होतं, आणि दोन महिन्यांनी हिचा विचार बदलणार नाही कशावरून? सुताराला त्यांनी थांबायला सांगितलं. काकूंना ताकास तूर लागू दिली नाही. शनिवारी संध्याकाळी एकटेच धक्क्यावर गेले, मनगटाकडे बघत बराच वेळ उभे राहिले, वहीत काहीतरी लिहिलं आणि परत आले.

रविवारी निघायच्या गडबडीत घड्याळांना चावी द्यायची राहिली. "आल्यावर देते," काकू म्हणाल्या.

तलाव शांत होता. काकूंनी लाइफ जॅकेट गळ्यापर्यंत आवळलं होतं, पण अर्ध्या तासात त्यांनी हात पाण्यात सोडला आणि लहान मुलीसारख्या हसल्या. काकांनी मोटर बंद केली. ह्याच्यासाठीच तर सगळं होतं.

घर्र.

"हा आवाज कसला हो?"

"पंप आहे. नेमाने चालतो."

काकूंनी मान डोलावली. पण सात घड्याळांच्या घरात पस्तीस वर्षं झोपलेली बाई ती. आणखी तीनदा आवाज झाल्यावर म्हणाल्या, "आत्ता लवकर वाजला."

"भास होतो गं."

मग पंप वाजलाच नाही. काका कान देऊन बसले. चार मिनिटं झाली, पाच झाली. "बघ, थांबला," ते म्हणाले, आणि खरंच त्यांना क्षणभर बरं वाटलं. "पाणी संपलं असेल."

"घड्याळ बंद पडलं म्हणून वेळ थांबते का?" काकूंनी विचारलं. "गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगता ना?"

फळ्यांच्या फटींतून पाणी वर आलं आणि काकूंच्या चपला भिजल्या. काकांनी मोटरीची किल्ली फिरवली. मोटर आणि पंप एकाच बॅटरीवर, आणि ती बॅटरी पंपाने कधीच संपवली होती. काकांनी वल्ही घेतली. काकू जेवणाच्या डब्याने पाणी उपसू लागल्या. सुताराने धक्क्यावरून पाहिलं आणि तो आपली होडी घेऊन निघाला, पण तो पोहोचेपर्यंत ह्यांची होडी पायाखालून गेली होती. काकू गळ्यापर्यंत पाण्यात होत्या, डोळे सताड उघडे, मुठीत काकांची कॉलर.

घरी आल्यावर ओले कपडे वाळत घालताना काकूंना खिशात वही सापडली. पानं सुटी करून त्या टेबलावर पसरू लागल्या. शिसपेन्सिल पाण्याने जात नाही. अकरा. नऊ. सात. सहा. शेवटची ओळ शनिवारची होती: चार. आणि खाली, काकांच्या त्याच बारीक अक्षरात: उद्या ती येणार.

काका दारातच उभे होते.

"तुम्हाला माहीत होतं," काकू म्हणाल्या.

"नेम होता गं त्याला." त्यांना एवढंच सुचलं, आणि बोलल्याबरोबर स्वतःचीच लाज वाटली.

काकूंनी पानं पुन्हा एकावर एक ठेवली. खिळ्यावरच्या चावीकडे पाहिलंही नाही. सोमवारी संध्याकाळी बाहेरच्या खोलीतलं मोठं घड्याळ थांबलं. मंगळवारी दोन. काकू जेवायला वाढत होत्या, विचारलं तर उत्तर देत होत्या. बुधवारी आणखी तीन थांबली. चावी चार पावलांवर होती, पण ती घ्यायची काकांची हिंमत झाली नाही.

गुरुवारी एकच उरलं, झोपायच्या खोलीतलं. आत काकूंनी कपाट उघडलं होतं आणि पलंगावर बॅग होती. बाहेर काका खुर्चीत बसून कान देत होते. ठोका मंद होत चालला होता. ते कधी थांबेल, हे त्यांना मिनिटापर्यंत सांगता आलं असतं.