आधी गोळी, मग धिंगरी

आमच्या घरमालक चाचांचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास आहे: स्वतः धुऊन पाहिलेल्या कापडावर आणि धिंगरी अळंबीवर. गुलमंडीतलं कापडाचं दुकान मुलांच्या हाती सोपवल्यावर त्यांनी घरातली सगळ्यात गार खोली अळंबीला दिली आणि स्वतःची खाट व्हरांड्यात काढली. खिडक्यांना ओली गोणपाटं, छताला भुश्शानं भरलेल्या पिशव्या टांगलेल्या. त्या खोलीचं दार उघडताना चाचा असा आवाज खाली आणत, की आत कुणी बाळंतीण असावी. पिशव्यांतून करडे तुरे फुटले की ते गच्चीवर नेऊन प्रत्येक अळंबी उताणी निजवत. "छत्रीखालची झालर उन्हाला दिसली पाहिजे मियाँ. मग तिच्यातल्या एर्गोस्टेरॉलचं ड जीवनसत्त्व होतं. तू मोर्चात उन्हातान्हात फिरतोस, तुझं काय होतं? नुसता घसा बसतो!"

घरी आलेल्या कुणाचीही सुटका नसे. शालू उलगडावा तसा तुरा हातावर पसरून ते म्हणत, "हात लावून बघा." मग बीटा-ग्लुकन कोलेस्टेरॉल कसं आवरतं, एर्गोथायोनिन पेशींना कसं जपतं, हे सगळं निघे. वीजमीटर बघायला आलेला माणूस एकदा हे सारं ऐकून, पाव किलो अळंबी घेऊन, आकडा न घेताच निघून गेला. मी चळवळीतला, पत्रकं पारखून वाचत वाढलेला. 'रामबाण' हा शब्द दिसला की माझं डोकं फिरतं. चाचांशी माझं रोज भांडण होई आणि रोज त्यांच्याकडची अळंबीची भाजी खाऊनच ते मिटे.

मग एका सकाळी पिशोरहून त्यांच्या दोस्ताचा फोन आला. हे शेतकरी गृहस्थ चाचांना भुस्सा पुरवत आणि बदल्यात धिंगरी नेत. त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला. फोनच्या स्पीकरवर ते खुशीत ओरडले, "शेठ, कोलेस्टेरॉलची गोळी सोडली बघ! तूच म्हनला व्हतास ना, त्या गोळीतलं औषध धिंगरीतबी हाय म्हनून? मंग गोळी कशापायी?"

चाचा हसले. चक्क सुखावले. मी भडकलो.

"चाचा, दुकानात तुम्ही न धुतलेल्या कापडाचा रंग टिकेल, असं कधी सांगितलंत?"

"कभी नहीं."

"मग हे धुऊन बघितलंत?"

चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी टोपी घातली, मला दंडाला धरलं आणि आम्ही मिळेल त्या बसनं पिशोर गाठलं. ओसरीवर बसताच चाचा म्हणाले, "गोळी आण. माझ्यासमोर घे."

"आन् धिंगरीचं काय? इतके दिवस थापा मारल्या व्हय?"

"थापा नाय रे. त्या जातीचं औषध तिच्यात असतं, पण किती, ते मला ठाऊक नाय. गोळीवर छापलेलं असतं. मी दुकानदार माणूस, माल दाखवताना जास्त बोललो. भाजी आहे ती दोस्ता. चांगली भाजी आहे."

दोस्तानं चाचांकडं न बघता गोळी गिळली. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "भुस्सा तर नेशील ना शेठ?" चाचांनी वळून होकारार्थी मान हलवली. बसमध्ये मात्र ते रस्ताभर खिडकीबाहेर बघत होते.

आता चाचांच्या दारात पाण्याचा तांब्या असतो. ज्याला गोळी चालू आहे त्याला धिंगरी हवी असेल, तर आधी त्यांच्यादेखत ती गोळी घ्यायची. दोस्ताची गोळी रोज फोनवर होते. अळंब्या अजूनही गच्चीवर उताण्या निजतात, पण कुणी गुण विचारले की चाचा म्हणतात, "भाजी आहे. खा."

मला हेच हवं होतं. तरी ती गच्ची फार गप्प वाटू लागली. परवा गच्चीवर न राहवून मी विचारलं, "चाचा, ते बीटा-ग्लुकन आतड्यात जाऊन करतं तरी काय?"

त्यांनी संशयानं पाहिलं. "तुला कसली गोळी चालू आहे?"

"कसलीच नाही."

"पक्का?"

"पक्का."

चाचांनी एक तुरा उचलला, हातावर पसरला आणि गच्चीचं दार ओढून घेतलं. "मग बस," ते हळूच म्हणाले.