कंदीलवालं कासव

समजा, पत्त्याएवढं एक चमचमतं कार्ड तुमच्या हातात दिलं आणि म्हटलं, याची किंमत ठरवा. काय कराल? चित्र बघाल, कंदील घेऊन निघालेल्या कासवाला हसाल आणि परत द्याल. अशी कार्डं जमवणारा फ्रिजवाला दादा आधी हात धुऊन कोरडे करतो. मग कार्ड कडेने धरून ट्यूबलाइटखाली तिरपं करतो. चकाकीवर ओरखडा नाही ना, कोपरे पांढरे पडले नाहीत ना, हे बघून झालं की ते काचेवर ठेवून फटीला डोळा लावतो. कारण फॉइलची कार्डं दमट हवेत वाकतात. मागचा कागद ओल पितो, पुढची चकाकी पीत नाही. दिवसभर फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला ओलाव्याचे हे उद्योग तोंडपाठ.

कासव तसं सामान्य कार्ड, उठसूट कुठल्याही पाकिटात निघणारं. म्हणूनच ते कुणी जपत नाही आणि बिनडागाचं, सरळ कासव शोधून सापडत नाही. दादाकडे तसं एक होतं. औषधाच्या दुकानदाराचा त्यावर कधीपासून डोळा. बदल्यात तो गरुडाचं कार्ड देणार होता, आणि त्या एका गरुडावाचून दादाचा संच कित्येक वर्षं अडून बसला होता. रविवारची अदलाबदल ठरली. होकार दिला खरा, पण तेव्हापासून दादाचं जेवणात लक्ष लागेना. बहिणीने खोदून खोदून विचारल्यावर, कासव जरा वाकायला लागलंय, एवढंच तो पुटपुटला.

ही त्याची ताई कोपऱ्यावर झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान चालवते. शनिवारी तो कामावरून आला, तर कासव टेबलावर, दोन्ही बाजूंनी प्लास्टिकमध्ये कायमचं बंद.

"आता वाकून दाखव म्हणावं त्याला," ताई म्हणाली.

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. प्लास्टिक ओढून काढावं, तर त्याबरोबर चकाकीही सोलून येणार. तरी रविवारी तो आशेने औषधवाल्याकडे गेला. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, "हे तर ओळखपत्र झालं की रे," म्हणाला आणि गरुड खणात सरकवला. दादा तोंड पाडून निघाला खरा, पण पायऱ्या उतरेपर्यंत त्याला उगाचच हलकं वाटायला लागलं होतं.

तरीही ताईला चार शब्द सुनावायचेच, म्हणून तो दुसऱ्या दिवशी तिच्या दुकानात गेला. एक बाई मुलीचं प्रमाणपत्र घेऊन उभ्या होत्या. ताईने मशीनकडे गेलेला हात मागे घेतला.

"काकू, मूळ प्रत आहे ना ही? एकदा आत गेली की गेली. मग कुठे चालत नाही."

बाई गोंधळल्या. ताईने पुन्हा समजावलं, झेरॉक्स काढली आणि तीच मशीनमध्ये सोडली. मागच्या गिऱ्हाइकालाही तिने तेच विचारलं. रांग वाढली तरी ती कुणाला न विचारता काही आत घालत नव्हती.

रांगेला वळसा घालून दादा काउंटरपाशी गेला.

"मला का नाही विचारलंस?"

"जाताना माझा रिकामा डबा घेऊन जा," ताई म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

कासव आता हत्यारांच्या पिशवीत असतं. काम आटपलं की दादा ते ओल्या हातानेच बाहेर काढतो, खिडकीकडे तिरपं करून बघतो. ताईला पुन्हा विचारण्याची हिंमत काही होत नाही. खरंच चुकलं का तिचं, की त्याचा जीव कशात अडकलाय हे ओळखून तिने मुद्दामच कासवाची जाण्याची वाट बंद केली?