न हसणारा हिरो आणि आईची साडी

आज दुपारी मोबाइलवर ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका बघत होते. गावी, कडावच्या घरी सुट्टीला आलेय. मोजकंच बोलणारे आमचे बाबा शेजारी येऊन बसले.

“ह्यो पोरगा हसत का नाय गं?”

“त्याला वाढवणारी बहीण गेली, बाबा. त्याला जे काय येतं ते तिनंच शिकवलंय. अजून जेवायला बसला की आधी तिचा वाडगा भरतो.”

“हां,” म्हणाले आणि धार काढायला उठले.

आई गेली तेव्हा आमची म्हैस कुणालाच जवळ येऊ देईना. मग बाबा आईची साडी अंगावर घेऊन धारेला बसायचे. तिचा वास आला की म्हैस पान्हा सोडायची.

ती म्हैसही गेली. आता नवी आहे, आईला कधीच न बघितलेली. चहाला दूध आणायला मी गोठ्यात गेले, तर बाबांच्या खांद्यावर तीच साडी!

“बाबा, हिला कुठं आईचा वास ठाऊक हाय?”

धार न थांबवता म्हणाले, “हिला नाय गं. मला हाय.”

तुमच्या घरातलं न बोलणारं माणूस कुणाचं काय जपतंय, कधी बघितलंत का?