भरलेल्या डिस्कचे आकडे

‘लवकर’ हा शब्द आमच्या घड्याळसाहेबांना सोसत नसे. चहावाला ‘आत्ता आणतो’ म्हणाला तरी ते मनगट वर करून विचारत, “आत्ता म्हंजे किती?”

ऐंशीच्या सुमाराला आमच्या पिंपरीच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. साहेब त्या खोलीचे प्रमुख. मी सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. मला कायम करायचं की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर. खोलीत गारठा एवढा, की भर मे महिन्यात महाळुंग्याहून घामाघूम येणारे साहेब आल्याआल्या स्वेटरात शिरायचे.

कपाटाएवढ्या यंत्रात डिस्क फिरायची. तिच्यावर स्टोअरमधल्या एकेका सुट्या भागाची नोंद. नोंदी ठेवायची पद्धत साहेबांनीच बसवलेली: ओळीनं मांडायच्या, नवीन आली की शेवटी जोडायची, शोधताना पहिलीपासून वाचत जायचं. तिचं त्यांना लेकीसारखं कौतुक. पण कुणी विक्रेता रिकाम्या डिस्कवर वेग दाखवायला लागला की म्हणत, “राव, रिकाम्या एसटीत कुणालाबी खिडकी मिळती. चाकणच्या बाजारादिवशी चढून दाखवा.”

मग नवी पद्धत आली, अनुक्रमणिका बघून थेट जागेवर जाणारी. दोन्ही तपासून अहवाल लिहायचं काम साहेबांनी मला दिलं, आणि स्वतःचं घड्याळही. त्यांची पद्धत हरली तर खोलीही त्यांच्या हातून जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

रिकाम्या डिस्कवर, म्हणजे चार-दोनच नोंदी असताना, साहेब जिंकले. मला कोण आनंद झाला! मग डिस्क भरली. तीच नोंद शोधायला नवीला दोन सेकंद, साहेबांच्या पद्धतीला पाऊण मिनिट. पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. मला रडूच आलं. त्या माणसावर माझा फार जीव होता. मी अहवालात फक्त रिकाम्या डिस्कचे आकडे लिहिले.

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. “भरलेलीचे कुठं हायेत?”

“घेतले नाहीत.”

“सोमवारभर घड्याळ तुज्याकडं हुतं. काय, अंडी उकडत हुतीस?”

मी आकड्यांची वही पुढे केली. त्यांनी आकडे दोनदा वाचले, स्वतःच्या हातानं अहवालात उतरवले आणि सही केली. “माजी हाय म्हणून ती पळंल व्हय गं?” एवढंच म्हणाले.

महिन्याभरात नवी पद्धत लागली आणि साहेबांची बदली स्टोअरला झाली. तिथे उकडायचं, पण जाताना त्यांनी स्वेटर बरोबर नेला. माझीही नोकरी गेली, असंच मी धरून चालले होते. खोटा अहवाल लिहिणारीला कोण ठेवतं?

कायम झाल्याचं पत्र आलं, तेव्हा कारकुनानं हसत माझा शेऱ्याचा फॉर्म दाखवला. सगळ्या इंग्रजी मजकुराखाली साहेबांचं मराठी अक्षर होतं: ‘खोटे लिहिण्यात अत्यंत कच्ची. कायम करावी.’