भेटीच्या खोलीबाहेरची बाई

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. जावयानं मारलं म्हणून लेकीनं लातूरच्या कोर्टातून संरक्षणाचा आदेश घेतला होता. पण नातवाला बापाला भेटवायचं, असंबी कोर्टानंच सांगितलं. "नातू दाखवणार न्हाई," हे वकिलाला ठणकावून सांगायला मी भेटीच्या आदल्या दिवशी कोर्टात गेलो.

तिथं लेकरांना बापाला भेटवायची एक खोली; तिच्या बाहेरच्या बाकावर उदगीरकडची एक बाई लेकीची वेणी घालत बसली होती. तिचंबी आमच्यासारखंच प्रकरण. नवरा जिन्यात दिसला तशी ती बाकाच्या पार टोकाला सरकली. तरी पोरीला हसून म्हणाली, "जा, पप्पाला कविता म्हणून दाखव." पोरगी भेटीच्या खोलीत पळाली.

मी म्हणालो, "मारणाऱ्याचे एवढे लाड?"

"लाड कुणाचे, मामा? आदेश माझ्या जिवासाठी घेतलाय. माझं भांडण हिच्या गळ्यात कशाला घालू?" मग म्हणाली, "एवढं वय झालं तुमचं, इतकंबी कळंना व्हय?"

मला असं कुणी बोलत न्हाई. वकिलाला न भेटताच मी उठलो. तिचं सगळं मला अजूनबी पटलेलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला लातूरच्या बसमध्ये खिडकीपाशी बसवलं अन् सांगितलं, "बापानं काय विचारलं तर नीट उत्तर दे. माझ्याकडं बघू नको."