मेतकुटाच्या डब्यातले पासपोर्ट

जर्सी सिटीतल्या घरी काल ड्रॉवर आवरताना जुना पासपोर्ट सापडला. त्याला अजून मेतकुटाचा वास येतो. तो नाकात गेला आणि मी कित्येक वर्षं मागे, आईबरोबरच्या त्या सुट्टीत पोचले.

सिसिलीतल्या नोतो गावात आई आणि मी चर्चच्या पायऱ्यांवर बसलो होतो. सकाळी बीचवर पोहायला जाताना मी दोघींचे पासपोर्ट तिच्याकडे दिले होते, "इथे पाकीटमार फार आहेत," असं दहादा बजावून. आता तिचं पासपोर्टचं पाऊच रिकामं होतं. माझ्या पासपोर्टमध्ये अमेरिकेचा व्हिसा होता. तो गेला तर नोकरी, घर, सगळंच गेलं. समोरच्या मधाच्या रंगाच्या दगडी बाल्कन्यांखाली कोरलेले सिंह आणि राक्षस तोंड वासून माझ्याकडेच बघत होते.

"आई, आठव ना! कुठे ठेवलेस?"

"ओरडू नकोस गं. मला काही सुचत नाहीये."

मी आणखी ओरडले. लोक वळून बघायला लागले. तिने पिशवी पायरीवर उपडी केली. टॉवेल, वाळू, दशम्या, मेतकुटाचा डबा. झाकण मीच उघडलं. पासपोर्ट मेतकुटात अर्धे पुरलेले होते. चोर खाण्याच्या डब्यात हात घालत नाही, म्हणून आईनेच ते तिथे लपवले होते.

मी हसत सुटले. आई हसली नाही. मान खाली घालून ती ओढणीने पासपोर्ट पुसत राहिली.

ती व्हिसाच्या काळजीने घाबरली होती, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. व्हिसा म्हणजे काय हे तिला धड माहीतही नव्हतं. ती मला घाबरली होती.